स्नोमोबाइलसाठी प्लास्टिकची स्किड प्लेट: माल उत्तम, सोबतचे स्क्रू मात्र बाजूला ठेवा

कॅनडात किंवा मिनेसोटात स्नोमोबाइल बाळगणाऱ्या मराठी मंडळींना एक सरळ प्रश्न: तुम्ही फक्त रोलर फिरवलेल्या ट्रेलवरच चालवता का? मग स्किड प्लेटवर, म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसवायच्या संरक्षक प्लेटवर, पैसे घालू नका. झाडीत शिरणार असाल, किंवा हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फाखाली दगड आणि बुंधे दडलेले असतानाच गाडी काढणार असाल, तर हवीच. कंपनीचा बेली पॅन, म्हणजे इंजिनाखालचं मूळ आवरण, पातळ प्लास्टिकचा असतो. बुंधा लागला की तो फाटतो आणि बर्फ थेट इंजिनाच्या खोलीत भरतो.

बाजारात दोन प्रकार दिसतात: ॲल्युमिनियमचा पत्रा आणि यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीन (एक चिवट, गुळगुळीत प्लास्टिक). आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. ८० बाय ५० सेंटिमीटरची ५ मिमी जाड प्लास्टिक प्लेट जेमतेम १.९ किलो भरते. तेवढाच ३ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा सव्वातीन किलोच्या आसपास जातो. पत्र्याला पोचा पडला की तो तसाच राहतो, प्लास्टिक वाकून परत सरळ होतं. शिवाय त्यावर बर्फ चिकटत नाही आणि उणे ४० अंशातही ते तडकत नाही.

गडबड होते ती बसवताना. हे प्लास्टिक थंडीत फार आकसतं: दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.१५ ते ०.२ मिमी. उबदार गॅरेजमध्ये २० अंशाला बसवलेली ८० सेंटिमीटरची प्लेट उणे २५ ला पाच ते सात मिमी आखूड होते. तिच्या मागची ॲल्युमिनियमची चौकट तेवढ्यात एक मिमीसुद्धा हलत नाही. किटमधल्या स्क्रूंनी सगळीकडून घट्ट आवळलेली प्लेट मग भोकापाशी फाटते, नाहीतर पॅनमधले रिव्हेट उपटते. लोक दोष प्लेटला देतात.

म्हणून फक्त पुढची रांग पक्की ठेवा: ६ मिमी बोल्टला साडेसहाचं भोक. मागच्या सगळ्या भोकांच्या १५ मिमी लांब खाचा करा, लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेने. गरम जागेत बसवत असाल तर बोल्ट खाचेच्या पुढच्या टोकाला यायला हवा, कारण थंडीत प्लेटची मागची बाजू पुढे सरकते. इथे उलटं केलं तर खाच असून नसल्यासारखी.

चपट्या डोक्याचे, भोकात बुडणारे स्क्रू टाळा. ५ मिमी प्लेटमध्ये डोक्यासाठी खळगा केला की खाली दीड-पावणेदोन मिमीच प्लास्टिक उरतं. घुमटाकार डोक्याचे स्टेनलेस बोल्ट, २५ मिमीचे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) घ्या. नट आवळून पाव फेरा सैल सोडा; वॉशर बोटाने जेमतेम फिरला पाहिजे. जास्त आवळून उपयोग नाही, दाबाखाली हे प्लास्टिक हळूहळू पसरतं आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो. सिलिकॉन किंवा गोंद लावून बघण्यात वेळ घालवू नका, यावर काहीच धरत नाही.

काम करताना पुढचा बंपर कप्पीने उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या; नुसत्या साखळीच्या भरवशावर खाली जाऊ नका. ड्रिल धारदार आणि वेग कमी ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळून दोऱ्यासारखं बिटाला गुंडाळतं. बिटावर चिकटपट्टीने खूण करा: पॅनच्या आत वायरिंग आणि कूलंटच्या नळ्या असतात. कडा कानशीने घासू नका, कानस लगेच भरते. धारदार चाकूने पुढची कड तिरपी तासा.

तीन जागा मोकळ्या ठेवायच्याच. पहिली एक्झॉस्टच्या तोंडाची. बहुतेक टू-स्ट्रोक गाड्यांत ते पॅनमधूनच खाली उघडतं, आणि हे प्लास्टिक साधारण १३० अंशाला वितळतं, मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. भोवती किमान ३ सेंटिमीटर सोडा. दुसरी, पॅनच्या निचऱ्याची भोकं: ती प्लेटमध्येही तंतोतंत उतरवा. नाहीतर मध्ये वितळलेलं पाणी साठून गोठतं आणि बर्फाची लादीच प्लेटला खाली ढकलते. फटीत फोम भरायचा सल्ला काहीजण देतात. पाणी पिणारा फोम असेल तर तोही तेच करतो. तिसरी, चेनकेसचा (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या तेलपेटीचा) ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच. तो प्लेटीआड जात असेल तर ४० मिमीचं भोक आत्ताच पाडा, तेल बदलताना सगळी प्लेट उतरवण्यापेक्षा बरं. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइलच्या प्लगसाठीही तसंच.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. ए-आर्म (पुढच्या सस्पेन्शनचे दांडे) किंवा टाय रॉड (स्टीअरिंगचे दांडे) कुठेही प्लेटला घासता कामा नये. घासत असेल तर प्लेट कापा, बोल्ट हलवू नका. पहिल्या फेरीनंतर, गाडी थंड असतानाच, मागच्या खाचांत बोल्ट कुठे सरकलेत ते पाहा. खाचेच्या मागच्या टोकाला टेकले असतील तर खाच आणखी ३ मिमी वाढवा.