पेरलं कुणी, काढलं कुणी: जुने सर की नवे सर?

आमच्या परभणीच्या फुटबॉल क्लबापुढं सध्या एकच पेच आहे. बदली होऊन गेलेले जुने सर, म्हणजे आधीचे प्रशिक्षक, पुन्हा शहरात आलेत. नवे सर आठ महिन्यांपूर्वी नांदेडहून आले आणि पहिल्याच वर्षी चषक घेऊन आले. मानधनाचे पैसे एकापुरतेच. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, "पोरं सहा वर्षं जुन्या सरांनी घडवली, हे आयत्या बिळावर नागोबा." दुसरा विचारतो, "मग सहा वर्षांत चषक का नाही आला वं?" आवाज चढले की दोघंही युरोपातल्या क्लबांचे दाखले द्यायलेत, आणि तेही आपल्या सोयीचे तेवढेच. म्हणून ते दाखले एकदा शेजारी शेजारी ठेवून बघू.

सगळ्यात कामाचा माणूस इटलीचा प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी. तो या वादात दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे.

लंडनच्या चेल्सी क्लबात तो पेरणारा. २००० ते २००४ एवढा काळ तो तिथं होता. लॅम्पार्ड, मॅकेलेले, गॅलास, डफ हे खेळाडू त्यानं आणले, जॉन टेरीला संघात रुजवलं. पीटर चेक आणि रॉबेन यांचे करारसुद्धा तो असतानाच झाले. शेवटच्या हंगामात इंग्लंडच्या लीगमध्ये ७९ गुण घेऊन संघ दुसरा आला. त्या वर्षी आर्सेनल एकही लीग सामना हरलं नव्हतं, त्याला तो तरी काय करणार? तरी त्याला काढलं. त्याच्या जागी मोरिन्यो आला आणि ९५ गुण घेऊन लीग जिंकला, तीही चेल्सीची ५० वर्षांतली पहिली.

इथं 'टीम रानिएरीचीच होती' म्हणून थांबणाऱ्यांनी एक आकडा बघावा. आदल्या हंगामात चेल्सीवर ३० गोल झाले होते, मोरिन्योच्या हंगामात फक्त १५. त्यानं पोर्तोहून कार्व्हाल्यो आणि फेरेरा आणले हे खरं, पण एवढी घट दोन बचावपटूंनी होत नसते. ती सगळ्या संघाच्या शिस्तीतून येते. आणि पुढच्या वर्षीही लीग त्यानंच जिंकली. क्लबाचा तेव्हाचा मालक अब्रामोविच, त्याचा पैसा मात्र दोघांच्याही मागं होता, रानिएरीच्या शेवटच्या वर्षापासून.

आता इंग्लंडचाच लेस्टर क्लब. इथं रानिएरी पीक काढणारा. २०१४-१५ मध्ये मॅनेजर नायजेल पिअरसनचा संघ तळाला होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसाबसा वाचला. वार्डी, माहरेज, मॉर्गन, ड्रिंकवॉटर हे पिअरसनच्या काळातले. फुक्स आणि ओकाझाकीसुद्धा रानिएरी येण्याआधीच घेतलेले. गोलकीपर श्मायकेल तर पिअरसन २०११ मध्ये क्लबात परत येण्याच्याही आधी आलेला. २०१५ च्या जूनमध्ये पिअरसनला काढलं, जुलैत रानिएरी आला आणि ८१ गुण घेऊन लेस्टर लीग जिंकलं. सट्टेवाल्यांचा भाव एकास पाच हजार होता.

त्यानं केलं काय? संघाची मोडतोड केली नाही, हेच मोठं. चार मागं, चार मध्ये, दोन पुढं अशी साधी ४-४-२ मांडणी घेतली, बचाव घट्ट केला, आणि पहिला बिनगोलाचा सामना काढल्यावर पोरांना पिझ्झा खाऊ घातला. शिवाय मधल्या फळीत एन्गोलो कांटे आला. त्याचा आग्रह धरला होता क्लबासाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट स्टीव्ह वॉल्शनं. दुसऱ्या वर्षी कांटे चेल्सीला गेला, चेल्सी लीग जिंकलं, आणि लेस्टरनं फेब्रुवारीत रानिएरीला काढून टाकलं. म्हणजे श्रेयाचा एक मोठा वाटा दोन्ही मॅनेजरांना सोडून एका खेळाडूच्या पायांत होता.

गंमत अशी, की आमच्या कमिटीतले जे लोक 'चेल्सीची लीग खरी रानिएरीची' म्हणतात, तेच 'लेस्टरची लीग रानिएरीची' असंही म्हणतात. दोन्ही कसं चालेल? पेरणाऱ्याला मोजायचं तर लेस्टरला पिअरसनचं नाव घ्या. मला विचाराल तर चेल्सीत मोरिन्योचा वाटा मोठा आणि लेस्टरमध्ये पिअरसनचा. संघ कुणी आणला यापेक्षा हातात आल्यावर त्याचं काय बदललं, हे बघून मी असं म्हणतो.

लिव्हरपूलचा दाखला ताजा आहे, पण फसवा. मॅनेजर क्लॉप २०२४ मध्ये क्लब सोडून गेला तेव्हा संघ ८२ गुणांसह तिसरा होता. त्याच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉटनं पुढच्या हंगामासाठी एकटा चिएसा घेतला, तोही फारसा खेळला नाही, आणि ८४ गुणांत लीग जिंकली. दोनच गुण वाढले! आदल्या वर्षीचा विजेता मँचेस्टर सिटी घसरलं नसतं तर? पण स्लॉटला कमी लेखण्याआधी मँचेस्टर युनायटेड आठवा. तिथला मॅनेजर फर्ग्युसन, त्यानं २०१३ मध्ये लीग जिंकून ८९ गुणांचा संघ नव्या मॅनेजरच्या, मोयेसच्या हाती दिला. वर्षभरात तो ६४ गुणांवर, सातव्या जागी. आयतं मिळालेलं टिकवणं सोपं नाही. अर्थात त्या संघातले फर्डिनंड, विडिच, एव्हरा थकत आले होते, तो दोष काही मोयेसचा नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानातला, तेव्हा रहीमसाहेब काही परके नाहीत. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. १९५१ आणि १९६२ ची भारताची एशियाडची सुवर्णपदकं त्यांच्याच हाताखालची. १९६३ मध्ये ते वारले, आणि एशियाडचं फुटबॉल सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

आता आपल्या मैदानावर या. जुन्या सरांनी याच पोरांना घेऊन दोनदा उपांत्य फेरी गाठली आणि दोन्ही वेळा शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाल्ले. नव्या सरांनी डावीकडं पळणाऱ्या उंच पोराला मागं, बचावाच्या मधोमध, स्टॉपर केलं, कॉर्नरचा सराव रोज घेतला, आणि चषकाच्या पाच सामन्यांत आपल्यावर दोनच गोल झाले. हा मोरिन्योचा प्रकार आहे. चषक नव्या सरांचा, हे जुन्या सरांच्या बाजूच्यांनी कबूल करावं. सत्कार त्यांचाच व्हावा, बोर्डावर नावही त्यांचंच.

मानधनाचं माझं मत मात्र जुन्या सरांना. जिंकलेल्या अकरातली सात पोरं बारावीची आहेत, जूनपासून पुणे नाही तर संभाजीनगर. नव्या सरांनी आल्यापासून बारा वर्षांखालच्यांचा सराव बंद ठेवलाय, सगळा वेळ मोठ्यांना दिला. चषकासाठी ते बरोबरच होतं. पण ती बारकी पोरं अजूनही सकाळी सहाला येतात, गोलपोस्टच्या मागं आपापली दोन दगडं मांडून खेळतात, आणि मोठ्यांचा सराव सुरू झाला की सायकली काढून घरी जातात.