व्हिएतनाममध्ये एकच राजकिल्ला बघायचा तर: ह्वे की थांग लाँग?

आठ दिवसांच्या सहलीत हनोई, हा लाँग आणि दा नांग बसवले की राजेरजवाड्यांसाठी जेमतेम एक दिवस उरतो. मग प्रश्न पडतो. मुद्दाम वाकडी वाट करून ह्वे या जुन्या राजधानीला जायचे, की हनोईतल्याच थांग लाँगवर भागवायचे? जागतिक वारसा यादीत दोन्ही आहेत, ह्वे १९९३ पासून आणि थांग लाँग २०१० पासून, त्यामुळे तो शिक्का बघून काही ठरत नाही. ठरते ते एवढ्यावरच, की तुम्हाला उभ्या इमारती बघायच्या आहेत की जोत्यांवरून इमारती मनात उभ्या करता येतात.

आधी थांग लाँग. १०१० साली ली थाय तो राजाने राजधानी इथे आणली, आणि त्यानंतर एकावर एक घराणी याच जागेवर बांधत गेली. आज मात्र आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ते रिकामेपण. मधल्या किन्ह थिएन महालाचे आता केवळ जोते आणि पायऱ्या उरल्या आहेत. १४६७ सालचे दगडी ड्रॅगन त्या पायऱ्यांच्या कडेने उतरतात, आणि वर चढून जावे तर महाल नाही. फ्रेंचांनी तो १८८६ मध्ये पाडून तिथे तोफखान्याची कचेरी बांधली. पुढे किल्ल्याचे तटही त्यांनीच उतरवले. उत्तर दरवाजा तेवढा राहिला, त्याच्या भिंतीत १८८२ च्या तोफगोळ्यांच्या खळग्या तशाच आहेत.

रस्त्यापलीकडे, नव्या संसद भवनासाठी खोदताना २००२ मध्ये जुन्या राजवाड्यांचे थर सापडले. विटांची गटारे, विहिरी, खांबांचे पाये, एका शतकाच्या डोक्यावर दुसरे. रायगडावर राजवाड्याच्या जोत्यांमधून फिरताना ज्याला कंटाळा येत नाही, त्याने हे चुकवू नये. बाकीच्यांना अर्ध्या तासात चहा आठवेल. अमेरिकेशी युद्ध चालू असताना, १९६७ मध्ये, याच आवारात लष्करी मुख्यालयाची डी-६७ ही इमारत आणि तिच्याजवळचे भुयारी खंदक बांधले गेले. मुले बरोबर असतील तर ती तिथेच रमतात, ड्रॅगनांपाशी नाही.

ह्वेचा मामला वेगळा. न्गुयेन घराण्याचा पहिला सम्राट गिया लाँग याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम काढले आणि त्याचा मुलगा मिन्ह मांग याच्या काळात, १८३२ मध्ये, ते पुरे झाले. बाहेरचा कोट सुमारे दहा किलोमीटर घेराचा, चोवीस बुरुजांचा. बुरूज आपल्याकडच्यासारखे गोल नाहीत. फ्रेंच अभियंता वोबाँच्या पद्धतीने टोकदार काढलेले आहेत, म्हणजे एका बुरुजावरून शेजारच्या भिंतीचा पायथा तोफेच्या टप्प्यात येतो. गंमत अशी की कोट युरोपीय आणि आतली मांडणी पूर्णपणे पूर्वेकडची: तोंड दक्षिणेच्या अंगाला, समोर सुगंधी नदी आणि तिच्यापलीकडे पडद्यासारखा न्गू बिन्ह डोंगर.

कोटात राजनगर, त्याच्या पोटात सम्राटाची निषिद्ध नगरी. राजनगरात न्गो मोन दरवाजातून शिरायचे. मधली वाट फक्त सम्राटाची, बाजूच्या दोन दरबाऱ्यांच्या, अगदी कडेच्या हत्ती-घोड्यांच्या आणि सैनिकांच्या. वरच्या सज्जाची मधली कौले पिवळी, बाजूची हिरवी. पिवळा रंग सम्राटाचा. याच दरवाजावर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाय याने राज्य सोडले.

पण एकाच वास्तूपाशी रेंगाळायचे असेल तर ती थाय ह्वा हा सिंहासनाचा महाल. लाकडी सांगाड्याची इमारत पुढून मागे फार खोल करता येत नाही, म्हणून इथे दोन इमारती मागेपुढे खेटून उभ्या केल्या आहेत. दोन छपरे मिळतात तिथे वर पन्हळ, आणि आतून ती दिसू नये म्हणून खेकड्याच्या पाठीसारखे कमानदार छत. बाहेरून दोन छपरे मोजायची आणि आत एकच सलग दालन बघायचे. लाखेने लाल केलेले ऐंशी खांब त्यात आहेत. मोठ्या दुरुस्तीनंतर हा महाल २०२४ च्या अखेरीस खुला झाला, त्यामुळे रंग नव्याकोऱ्या लग्नमंडपासारखे चकाकतात. मला ते जरा खटकते, पण मूळचेही असेच असणार.

ह्वेला सगळे शाबूत आहे असे मात्र समजू नका. निषिद्ध नगरीचा बराच भाग १९४७ च्या लढाईत गेला, १९६८ च्या युद्धाने आणखी घाव घातले. थाय ह्वाच्या मागे गवताचे मोठाले चौक लागतात, आणि त्यापलीकडचा किएन चुंग महाल अलीकडे पुन्हा बांधलेला आहे.

माझा कौल: एकच जागा असेल तर ह्वे, आणि एक मुक्काम ठेवूनच. दा नांगहून ते शंभरेक किलोमीटर आहे. अर्ध्या दिवसात किल्ला उरकता येतो, पण मग शहराबाहेरच्या सम्राटांच्या समाध्या राहतात, आणि मिन्ह मांगची समाधी सोडणे हा तोटाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे धो धो पाऊस आणि पूर असतो. तेव्हा जाणार असाल तर हट्ट सोडा, थांग लाँगच बघा. हनोईत रात्री उतरून दुसऱ्या दुपारी निघायचे असेल तरीही तेच. आणि दोन्ही जमत असतील तर थांग लाँग आधी ठेवा. ह्वे बघून आल्यावर त्या पायऱ्यांपाशी कुणी थांबत नाही.