धरण्याला बसावं की अर्ज करावा?

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यातल्या दोन मुलांनी मला जिन्यातच गाठलं. "काका, नागरिकांच्या हक्कांसाठी काहीतरी करायचंय, पण शिरायचं कुठून?" बडोद्यात त्याला ढोबळमानाने दोन दारं आहेत. एक रस्त्यावरचं: धरणं, मोर्चा, कलेक्टर कचेरीत आवेदनपत्र. (पुण्याकडचं निवेदन. आम्ही गुजरातीच्या संगतीने आवेदनपत्रच म्हणतो.) दुसरं टेबलाचं: माहिती अधिकाराचे अर्ज, अपिलं, पोलीस ठाण्यात अडकलेल्याच्या घरच्यांबरोबर जाणं. मी दोन्हीकडे काही वर्षं काढली आहेत. संविधानाची कलमं इथे उगाळत बसत नाही, ती तुम्हाला ठाऊक आहेत.

रस्त्याचं आधी सांगतो, कारण त्याची ओढ मला अजून आहे. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात पोरांनी चिमणभाई पटेलांचं सरकार घालवलं तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवसांचा आवाज कानात बसलाय. धरण्याला बसलं की दांडिया बाजारातला मराठी माणूस याकूतपुऱ्यातल्या मुसलमान माणसाशेजारी एका सतरंजीवर येतो. एरवी आपली गाठ फक्त दुकानात. आणि भीती जाते. ती घरी बसून जात नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

परवानगीची कटकट मात्र धरून चाला. मुंबईकरांना जमावबंदीचं कलम ३७ माहीत असेल. १९५१ चा तोच मुंबई पोलीस कायदा राज्यं वेगळी झाली तेव्हा इकडेही राहिला, आता गुजरातच्या नावाने चालतो. ३७(३) चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे जात नाही, पण तुमचा रविवार नेमका त्या १५ दिवसांत सापडतो. याला माझी फारशी तक्रार नाही. तारीख पुढे ढकलता येते.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. पोच.

ओळखीतल्या एका बाईंचा मुलगा शहरातल्या एका ठाण्यात दोन रात्री होता. अटकेची नोंद नाही, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं नाही. आम्ही चाळीसेक जण आवेदनपत्र घेऊन गेलो. जिना उतरेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही आले. दोन महिन्यांनी वकिलांनी विचारलं, "त्या आवेदनपत्राची पोच कुठाय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्या फोनमध्ये अकरा फोटो, एकात कागद साहेबांच्या हातात, अक्षर एक लागत नाही. मूळ मजकूर झेरॉक्सवाल्याच्या कम्प्युटरवर होता, तो त्याने केव्हाच पुसलेला. आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, तारखेवरसुद्धा दोन मतं. बाई तिथेच बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. बैठकीत मी बोललो तर एक जण हसून म्हणाला, "काका, तुम्ही फार बँकवाले." आहे मी बँकवाला. एकतीस वर्षं काउंटरवर काढली. पोचेशिवाय दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, हे माझ्या हाडात गेलंय. सगळे गट असे नसतील, माझ्या वाट्याला आले ते होते.

टेबलाकडे पोच मागावी लागत नाही, सगळं कामच पोचेवर चालतं. गुजरातमध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाची फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. नाही आलं तर पहिलं अपील, मग ९० दिवसांच्या आत दुसरं. ठाण्याच्या बाबतीत आम्ही आता दोन गोष्टी लगेच मागतो. एक, साक्षीदाराची सही असलेला अटक मेमो, म्हणजे अटकेची तारीख-वेळ लिहिलेला कागद, जो सुप्रीम कोर्टातल्या डी. के. बसू खटल्यापासून बंधनकारक आहे. दुसरं, सीसीटीव्हीचं फुटेज. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलंय की ठाण्यांत कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तरी वर्षाच्या खाली नाही. उत्तर बहुतेक वेळा नकाराचंच येतं. पण त्याखाली सही असते, तारीख असते, आणि वकील तोच कागद पुढे लावतात. (वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर लिहून ठेवा.)

आता या बाजूचं उणं. कंटाळा. तीन माणसं, एक स्टेपलर, आणि "सदर" लिहावं की "उपरोक्त" यावर अर्धा तास. तरुण पोरं दुसऱ्या शनिवारी येत नाहीत. शिवाय सतरंजीवर तुम्ही पन्नासांत एक असता, अर्जावर तुमचं एकट्याचं नाव आणि पत्ता. माहिती अधिकाराचे अर्ज टाकून गीरच्या बेकायदा खाणींमागे लागलेल्या अमित जेठवांना २० जुलै २०१० ला अहमदाबादेत हायकोर्टाच्या समोरच गोळ्या घातल्या. हे मुलांना मी आधी सांगतो, मग फॉर्म देतो. एकट्याने अर्ज करू नका, तोच अर्ज तिघांनी वेगवेगळा टाका. माहिती कशाला हवी हे सांगायला कायद्याने तुम्ही बांधलेले नाही.

आणि कागदाने काय होतं असं वाटत असेल तर आणीबाणी आठवा. बडोद्यातून निघणारं सर्वोदयवाल्यांचं छोटंसं नियतकालिक 'भूमिपुत्र' सेन्सॉरच्या हुकमांविरुद्ध कोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये गुजरात हायकोर्टात जिंकलं. आणीबाणी तेव्हा चालूच होती.

दोघांपैकी धाकटा बोलका आहे, माणसांत रमणारा. तो धरण्याला गेला तरी मला वाईट वाटणार नाही. थोरल्याला मी शनिवारी चार वाजता बोलावलंय, टेबलापाशी. सहा महिने बसून बघ म्हटलं, मग ठरव.

मी स्वतः रस्ता सोडलेला नाही, वर्षातून दोनदा जातोच. गेल्या वेळच्या फोटोत मला शोधाल तर सापडणार नाही. सगळे जिन्यावर फोटोला उभे होते तेव्हा मी दुसरी प्रत घेऊन आवकच्या खिडकीपाशी होतो.