'डेथली हॅलोज'ची शेवटची सात प्रकरणं: काही महिने मुरवल्यानंतर

जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालिकेतलं सातवं आणि शेवटचं पुस्तक, 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज', २१ जुलै २००७ रोजी, शनिवारी आलं, आणि सोमवार उजाडायच्या आत कित्येकांचं वाचूनही झालं. कोण मरतं एवढं एकच कुतूहल तेव्हा होतं. त्यामुळे शेवट सगळ्यांनी वाचला, पण त्याचे सांधे फार थोड्यांनी तपासले. हा अभिप्राय त्या सांध्यांबद्दल आहे. गेले काही महिने प्रकरण ३१ ते ३६ आणि उपसंहार एवढाच भाग हाताशी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत, काही पानं मोठ्याने वाचत, आधीच्या सहा पुस्तकांशी ताडून पाहिला. पुढे सगळं कथानक उघडं होणार आहे, तेव्हा ज्यांना शेवट माहीत नाही त्यांनी इथेच थांबावं.

मत आधीच सांगून टाकायचं तर, या शेवटात माणसं निर्णय घेतात ती पानं कितीही वेळा वाचा, भक्कम राहतात. नियम निर्णय घेतात ती पानं मात्र दुसऱ्या वाचनातच डगमगू लागतात.

सगळ्यात मोठा घोळ एल्डर वाँडच्या, म्हणजे जादूच्या सगळ्यात ताकदवान छडीच्या, मालकीचा आहे. सात पुस्तकं ज्या सामन्याची वाट पाहिली तो हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट यांचा ३६व्या प्रकरणातला सामना म्हणजे शुद्ध सातबाऱ्याचा वाद निघतो. ताबा व्होल्डेमॉर्टचा, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. ग्रेगरोविचकडून ती छडी ग्रिंडेलवाल्डने चोरली. १९४५च्या द्वंद्वात, पुढे हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक झालेल्या डंबलडोरने ती जिंकली. सहाव्या पुस्तकाच्या २७व्या प्रकरणात, मनोऱ्यावर, हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मालफॉय याने डंबलडोरला निःशस्त्र केलं आणि त्याच्या नकळत छडी त्याच्या नावावर झाली. सातव्या पुस्तकाच्या २३व्या प्रकरणात मालफॉयांच्या वाड्यात हॅरीने ड्रॅकोच्या हातातून छड्या हिसकावल्या, आणि फेरफार हॅरीच्या नावे झाला. गंमत अशी की त्या क्षणी एल्डर वाँड डंबलडोरच्या कबरीत पडून होती. हॅरीच्या हाती आली ती ड्रॅकोची रोजच्या वापरातली हॉथॉर्नची छडी. म्हणजे हाणामारी एका गावात, जमीन दुसऱ्या गावात, आणि हाणामारीच्या निकालाने दुसऱ्या गावचा उतारा बदलला. २४व्या प्रकरणाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट कबर फोडून छडी उचलतो तेव्हा नोंद कधीच फिरलेली असते. पुढे ३२व्या प्रकरणात तो स्नेपला मारतो, ते डंबलडोरला मारलं स्नेप या शिक्षकाने, म्हणून छडी त्याच्या नावावर आहे या समजुतीने. सगळ्या जादूच्या जगात एवढा अभ्यासू खलनायक, आणि मूळ कागद न पाहता खून करून मोकळा होतो!

आता घोडं कुठे पेंड खातं ते पाहू. छडी हिसकावली की तिची निष्ठा बदलते, हा नियम छड्या बनवणारा ऑलिव्हँडर २४व्या प्रकरणात सांगतो, पण मोघम सांगतो. मालकीचे नियम सूक्ष्म असतात, एवढ्यावरच तो भागवतो. तोच नियम मागे लावून पाहिला की पाचवं पुस्तक कोसळतं. त्यात हॅरी सगळ्यांना एक्सपेलिआर्मस, म्हणजे समोरच्याची छडी उडवायचा मंत्र, शिकवतो, तासच्या तास छड्या उडत असतात, आणि हॅरीचं लक्ष नसताना त्याचा वर्गमित्र नेव्हिल त्याचीही छडी उडवतो. तिसऱ्या पुस्तकात तीन मुलं एकाच वेळी स्नेपला निःशस्त्र करतात. मग स्नेपची छडी तिघांत कशी वाटून द्यायची? सराव आणि खरी झुंज यांत छडी फरक करते, हा बचाव पटण्यासारखा आहे. पण तो वाचक करतात. पुस्तकाने तो ऑलिव्हँडरच्या तोंडी दोन वाक्यांत घातला असता तर हा वादच उरला नसता.

त्याहून मोठी चूक वेळेची आहे. शाळेच्या ग्रेट हॉलमध्ये शेकडो माणसं भिंतीला टेकून उभी, मध्ये दोघे एकमेकांभोवती फिरताहेत, आणि हॅरी स्नेपची निष्ठा, डंबलडोरचा बेत, ड्रॅकोची मालकी असा सगळा इतिहास क्रमवार सांगतो. ज्या व्होल्डेमॉर्टने सात पुस्तकांत कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो हे सगळं ऐकून घेतो. मोठ्याने वाचताना हा दोष लगेच कळतो. ऐकणारं मूल हमखास मध्येच थांबवून विचारतं, "पण मग ती छडी कोणाची?" आणि सामन्याची धग निघून जाते.

एवढं असूनही त्या सामन्याचा शेवटचा क्षण अस्सल आहे. हॅरी मारण्याचा मंत्र वापरत नाही, एक्सपेलिआर्मस वापरतो. हा मंत्र त्याने दुसऱ्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिला तो स्नेपने लॉकहार्टवर वापरला तेव्हा. सातव्याच्या पाचव्या प्रकरणात त्याचा जुना शिक्षक ल्युपिन त्याला याच मंत्रावरून झापतो, कारण तो वापरला की समोरच्याला हॅरी कोण ते ओळखू येतं. ज्या सवयीसाठी बोलणी खाल्ली तीच शेवटी कामी येते. हा निर्णय हॅरीच्या स्वभावातून आलेला आहे, म्हणून कितव्याही वाचनात टिकतो.

दुसरा दोष ३४ आणि ३५ या प्रकरणांच्या मध्ये आहे. ३४वं, म्हणजे हॅरी मरण पत्करायला जंगलात चालत जातो ते, या सगळ्या मालिकेतलं सर्वोत्तम प्रकरण. त्यात एकही शब्द जास्त नाही. स्निच या खेळातल्या छोट्या सोनेरी चेंडूतून मेलेल्यांना बोलावणारा दगड निघतो, मेलेले आईवडील, धर्मपिता सिरियस आणि ल्युपिन सोबत चालतात, आपल्या तान्ह्या मुलाला आपण कधी भेटणार नाही याबद्दल ल्युपिन बोलतो, आणि हॅरी कुणालाही निरोप न देता जातो. वाटेत तो फक्त नेव्हिलला थांबवून सांगतो की व्होल्डेमॉर्टच्या सापाला मारायचं आहे. मग ३५व्यात, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनसारख्या त्या पांढऱ्या जागेत, मेलेले डंबलडोर प्रश्नोत्तरांचा तास घेतात. हॅरी का वाचला? व्होल्डेमॉर्टने चौथ्या पुस्तकात हॅरीचं रक्त घेतलं आणि त्यासोबत आईचं संरक्षणही त्याच्या अंगात जिवंत राहिलं, म्हणून. मंत्राने हॅरीतला हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा, मेला, हॅरी नव्हे, म्हणून. हॅरी स्वतःहून मरायला गेला, म्हणून. आणि पुढच्या प्रकरणात कळतं की छडीही हॅरीचीच होती. एकाच माणसाला तारायला चार दोर बांधले की त्यातला कुठला धरला होता ते कळेनासं होतं, आणि आत्ताच वाचलेल्या ३४व्या प्रकरणातलं भयही मागाहून पातळ होतं. रक्ताचं कारण एकटं पुरेसं होतं. त्याची बीजं तीन पुस्तकं आधी पेरलेली होती.

स्नेपच्या आठवणींचं ३३वं प्रकरण वाचताना मात्र लेखिकेची मेहनत दिसते. डंबलडोरच्या सगळ्या बेताचा कणा असा, की हॅरीला मरायचं आहे हे स्नेपने त्याला योग्य वेळी सांगायचं. पण स्नेप तर शाळेतून पळालेला, हॅरीच्या लेखी खुनी. मग हे सांगणार कसं? पुस्तकात उत्तर असं: व्होल्डेमॉर्ट स्नेपला मंत्राने न मारता सापाकडून मारवतो, म्हणून मरायला थोडा वेळ लागतो; हॅरी नेमका शेजारच्या बोगद्यात लपलेला असतो; त्याची मैत्रीण हर्मायनी ऐनवेळी स्नेपच्या आठवणी साठवायला कुपी तयार करते. यातली एक गोष्ट निसटली असती तर हॅरीला कळलंच नसतं. हा योगायोग मोठा आहे. पण ३२वं प्रकरण बारकाईने वाचलं तर मरायच्या आधी स्नेप पुन्हा पुन्हा परवानगी मागताना दिसतो, मला त्या मुलाला शोधून आणू दे म्हणून. पहिल्या वाचनात ती चाटुगिरी वाटते. दुसऱ्या वाचनात कळतं की तो आपलं शेवटचं काम पुरं करायला धडपडतोय. पुनर्वाचनाची खरी कमाई ही.

पडद्याआड ढकललेल्या गोष्टींबद्दल मात्र राग येतो. तंबूतल्या भटकंतीवर प्रकरणंच्या प्रकरणं खर्च झाली आहेत. आणि हॅरीचा मित्र रॉन हॅरीच्या तोंडून ऐकलेला सर्पभाषेचा आवाज नुसता नक्कल करून शाळेखालचं गुप्त तळघर उघडतो, बॅसिलिस्क या महासर्पाचा सुळा काढतो, हर्मायनी त्या सुळ्याने हफलपफचा प्याला, हाही एक हॉरक्रक्स, फोडते, हे सगळं धावत येऊन सांगितलेल्या काही ओळींत उरकलंय. रॉनला सहा पुस्तकं दुय्यम वाटत राहिलं, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या पराक्रमाला पान मिळालं नाही. ल्युपिन आणि त्याची बायको टाँक्स यांचंही तेच. मरतात कसे ते दिसत नाही, ३३व्याच्या सुरुवातीला फक्त दोघांचे देह दिसतात. याचा बचाव करता येतो, कारण लढाईत माणूस असाच अचानक गेलेला आढळतो. प्याल्याच्या प्रसंगाला तो बचाव लागू पडत नाही.

रॉनचा भाऊ फ्रेड याचं मरण मात्र लिहावं तर असं. आयुष्यात क्वचित विनोद करणारा त्यांचा थोरला भाऊ पर्सी मंत्रालयाचा राजीनामा देतोय म्हणून ओरडतो, फ्रेड खुशीत त्याला दाद देतो, आणि भिंत फुटते. ३१वं प्रकरण तिथेच तुटतं. पर्सीचा घराशी असलेला रुसवा नुकताच मिटला होता, म्हणून ते इतकं लागतं.

३६व्यात नेव्हिलच्या भोवतीची दोन-तीन पानं गर्दीची आहेत. ग्रॉप, राक्षस, सेंटॉर, होग्समीडचे दुकानदार, मुलांचे पालक, चार्ली, अजूनही हिरव्या पायजम्यात असलेला स्लगहॉर्न, आणि छातीवर रेग्युलसचं लॉकेट उड्या मारतंय अशा अवस्थेत आरोळ्या ठोकत एल्फ घरगड्यांची फौज घेऊन येणारा हॅरीचा घरगडी क्रीचर. मोठ्याने वाचायचं तर इथे वेग कमी करा, नाहीतर क्रीचर निसटतो आणि नेमकं तेच गमावू नये. नेव्हिलच्या तलवारीची युक्ती सुरेख आहे. व्होल्डेमॉर्ट स्वतःच शाळेची जादूची टोपी मागवतो, नेव्हिलच्या डोक्यावर घालून पेटवतो, आणि तिच्यातूनच तलवार निघते. एक हिशेब मात्र अर्धवट राहिला. ती तलवार २६व्या प्रकरणात ग्रिपहूक नावाचा गॉब्लिन घेऊन गेला होता, आणि वस्तू घडवणाऱ्याचीच राहते हा गॉब्लिनांचा दावा २५व्यात रॉनचा भाऊ बिल याने गंभीरपणे मांडला होता. मालकीचे दोन वाद उभे केले, एकावर पूर्ण सुनावणी घेतली, आणि दुसरा टोपीत बुडवला.

ड्रॅकोची आई नारसिसा हिच्याबद्दल कसलीच तक्रार नाही. तिला भविष्यवाणीशी घेणंदेणं नाही, बाजू बदलायची नाही, फक्त ड्रॅको जिवंत आहे का ते हवंय. ते कळताच ती सगळ्यांसमोर हॅरी मेलाय असं खोटं बोलते. फ्रेडची आई मॉली वीझली हिचंही असंच: फ्रेड काही तासांपूर्वी गेलाय, आणि व्होल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स हिचा मंत्र मुलगी जिनीच्या अगदी जवळून जातो, तशी मॉली स्वतः तिच्याशी भिडते. या दोन आयांच्या निर्णयांना समजावून सांगणारं एकही वाक्य लागत नाही. छडीला चार पुरत नाहीत.

चित्रपट पाहिलेल्यांनी पुस्तकाचा शेवट वेगळा आहे हे लक्षात घ्यावं. २०११च्या चित्रपटात व्होल्डेमॉर्ट एकांतात राखेसारखा उडून जातो. पुस्तकात तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साध्या माणसासारखा खाली पडतो, आणि ते कितीतरी जास्त परिणामकारक आहे. चित्रपटात हॅरी एल्डर वाँड मोडून फेकतो. पुस्तकात आधी एल्डर वाँडनेच स्वतःची मोडलेली जुनी छडी सांधतो, आणि मग एल्डर वाँड कबरीत परत ठेवायचं ठरवतो. ही दुरुस्ती चित्रपटाने गाळली, ती गाळायला नको होती.

३६वं संपतं तेव्हा दमलेल्या हॅरीच्या मनात एवढंच असतं की क्रीचर सँडविच आणून देईल का. पुस्तक इथे संपायला हवं होतं. त्यानंतरच्या उपसंहारात, १९ वर्षांनी, २०१७च्या सप्टेंबरात, फलाटावर मुलांची नावं वाचली जातात. अल्बस (डंबलडोर) आणि सेव्हरस (स्नेप) या दोघांवरून ठेवलेलं अल्बस सेव्हरस हे नाव हॅरीच्या लहान मुलाच्या खांद्यावर फार जड आहे. नेव्हिल वनस्पतीशास्त्र शिकवतो हे कळतं, रॉनने वाहनपरीक्षकाला जादूने गुंगवलं हे कळतं, पर्सी झाडूंच्या नियमांवर बोलत असल्याचंही ऐकू येतं. पण जुळा भाऊ फ्रेड गमावलेला जॉर्ज कसा जगला, त्याबद्दल एक ओळ नाही. पर्सीच्या झाडूंऐवजी ती ओळ असती तर उपसंहाराचं सोनं झालं असतं.

पुन्हा वाचणार असाल तर हा क्रम उपयोगी पडतो. ३६वं उघडण्याआधी सहाव्याचं २७वं आणि सातव्याची २३वं, २४वं ही तीन प्रकरणं वाचून घ्या. मग हॅरीचं व्याख्यान चालू असताना मागे पानं उलटावी लागत नाहीत. ३३वं आणि ३४वं एकाच बैठकीत वाचा. ३५वं दुसऱ्या दिवशी, नाहीतर प्रश्नोत्तरांत जंगलाचा परिणाम विरघळतो. मुलांना वाचून दाखवत असाल तर ३१वं झोपायच्या वेळी अजिबात सुरू करू नका. ते सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा आणि निदान ३४व्याच्या शेवटापर्यंतचा वेळ हाताशी ठेवा. उपसंहार मात्र दोन-चार दिवस मागे ठेवला तरी चालतो.