४५० वर्गाचे रिमोट हेलिकॉप्टर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी विजेवर चालणारे ४५० वर्गाचे रिमोट हेलिकॉप्टर घेतले आणि आता ऑगस्ट सुरू आहे. या काळात त्याची सुमारे १८० उड्डाणे झाली. एका बॅटरीत पाच मिनिटे धरली, तर हवेतला एकूण वेळ १५ तास भरतो. टेबलावर पाना आणि अॅलन की घेऊन बसण्यात गेलेला वेळ याच्या पाचपट तरी असेल. हे प्रमाण ज्याला आताच खटकते आहे त्याने सरळ चार पंख्यांचा ड्रोन घ्यावा. तो ज्या सुखाने हवेत उभा राहतो ते सुख हेलिकॉप्टर कधीच देत नाही.

४५० हा आकडा तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या मॉडेलमुळे रूढ झाला आणि पुढे त्या मापाच्या सगळ्याच हेलिकॉप्टरांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. माझे हेलिकॉप्टर त्याच मापाचे, पण दुसऱ्या बनावटीचे आहे. पाती ३२५ मिलिमीटर लांबीची, मुख्य पंख्याचा व्यास जेमतेम ७० सेंटिमीटर, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी धरून वजन पाऊण किलोच्या थोडे वर. पेटीतून बाहेर काढल्यावर ते खेळण्यासारखेच दिसते आणि नेमका तिथेच घात होतो. मिनिटाला २६०० फेरे या गतीने फिरताना पात्याचे टोक ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास धावत असते. पाते अवघे ३५ ग्रॅमचे असले तरी त्या गतीला ते आपल्या पकडीतल्या बोल्टला, माझ्या हिशेबाने, चाळीस किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढत असते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागून जागीच मरण पावला होता. ते हेलिकॉप्टर माझ्या हेलिकॉप्टरपेक्षा मोठे होते आणि तो तरुण नवशिक्या नव्हता. खरेदीपूर्वी घरच्यांना ही हकिगत मी मुद्दाम सांगितली, कारण उडवताना मैदानात कोणी जवळ का यायचे नाही, हे पुढे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मी घेतलेला संच ‘जोडून तयार’ या प्रकारातला होता. विक्रेत्याने फोनवर ठामपणे सांगितले, की सगळे कारखान्यातून लावून आले आहे, बॅटरी जोडा आणि उडवा. सुदैवाने माझा स्वभाव संशयी आहे. पहिल्याच रविवारी मी रोटरचा, म्हणजे मुख्य पंख्याचा, माथा उघडला, तेव्हा धातूत बसणारे पाच स्क्रू कसलाही जोर न लावता निघून हातात आले. त्यांच्यावर थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, टिपूससुद्धा नव्हता. त्यातला एक पात्याच्या पकडीला फेदरिंग शाफ्टशी (दोन्ही पाती धरणाऱ्या आडव्या दांड्याशी) धरून ठेवणारा होता. तो हवेत सुटला असता तर काय झाले असते, हे वर दिलेल्या आकड्यांवरून कोणालाही कळेल. तेव्हापासून माझा नियम असा, की संच कोणाचाही असो, धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू काढायचा, तेल पुसायचे, निळ्या थ्रेडलॉकचा लहानसा थेंब लावून परत बसवायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र थ्रेडलॉक लावायचा नाही, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते. पात्यांचे बोल्ट आवळण्याचे मापही हातालाच कळावे लागते. हेलिकॉप्टर आडवे धरले असता पाते स्वतःच्या वजनाने लोंबू नये, पण हलकासा झटका दिला की हलावे, इतपतच ते घट्ट हवे. फार आवळलेले पाते फिरताना आपली सरळ रेषा आपण शोधू शकत नाही आणि सगळा सांगाडा थरथरू लागतो.

यापुढचा भाग जुळणीचा. माझ्या मते हेलिकॉप्टर सुरक्षित आहे की नाही हे इथेच ठरते, मैदानात नव्हे. म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे मोटरच्या तीन तारांपैकी दोन सोडवून बाजूला करायच्या आणि सगळे काम संपेपर्यंत त्या परत जोडायच्या नाहीत. रिमोटमधला एखादा चॅनल (एका हालचालीचा सिग्नल) उलटा करताना मोटर अचानक सुरू होणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. माझ्याकडे ती वेळ आली होती, फक्त तारा सुटलेल्या असल्यामुळे पंखा फिरला नाही. त्यानंतर रिमोटची काठी मध्यावर ठेवून तिन्ही सर्व्होंचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींचे) हात काटकोनात आणायचे, स्वॅशप्लेट (सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी पंख्याखालची चकती) चारी बाजूंनी सपाट करायची आणि पिच गेजने पात्याचा कोन बरोबर शून्य अंश येतो का ते पाहायचे. तो येत नसेल तर रिमोटमधून ओढून-ताणून शून्य करण्याचा मोह टाळावा आणि जोडदांडीच्या (लिंकच्या) लांबीत अर्धा-एक फेरा कमी-जास्त करावा. यंत्रातली चूक आकड्यांनी झाकली, की ती दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. तरंगत राहायला पाच ते सहा अंश पुरतात. सुरुवातीला मी वरची मर्यादा दहा अंशांवर आणि खालची उणे तीनवर ठेवली होती, कारण घाबरलेला नवशिक्या काठी पूर्ण खाली ओढतो आणि पूर्ण उणे कोन मिळाला, तर हेलिकॉप्टर जमिनीत खिळा ठोकल्यासारखे आदळते.

आणि जायरोची, म्हणजे हेलिकॉप्टरचा कल ओळखणाऱ्या उपकरणाची, दिशा. पंखा स्थिर ठेवणारी फ्लायबारची दांडी नसलेल्या आजच्या हेलिकॉप्टरांत तीन अक्षांचा जायरो क्षणोक्षणी स्वॅशप्लेट सावरत असतो. त्याला सुधारणेची दिशा उलटी दिली गेली असेल, तर तो सावरण्याऐवजी पाडण्याचे काम तितक्याच तत्परतेने करतो. तपासणी अगदी सोपी आहे. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली झुकवावे. स्वॅशप्लेट मागे झुकली पाहिजे, म्हणजे जमिनीच्या मानाने ती आपली जागा सोडायला तयार नाही असे दिसले पाहिजे. उजवीकडे कलते केले, तर ती डावीकडे जावी. नाक हाताने डावीकडे वळवले, तर शेपटीच्या पात्यांनी उजव्या वळणाची काठी दिल्यासारखी हालचाल करावी. एवढ्याला अर्धे मिनिट लागते. हे अर्धे मिनिट मी जानेवारीत एकदा वाचवले. एक सर्व्हो बदलला होता, जायरोची मांडणी नव्याने केली होती, उजेड चांगला होता आणि वारा पडलेला होता, म्हणून घाई केली. पंख्याने वेग घेतला आणि स्किड (खालच्या टेकायच्या दांड्या) जमिनीवरून सुटण्याआधीच हेलिकॉप्टर डाव्या कुशीवर पडले. दोन्ही पाती, फेदरिंग शाफ्ट, मुख्य शाफ्ट आणि मुख्य गिअर मिळून सव्वातीन हजारांचा खर्च आला. मी बारा पावलांवर उभा होतो, म्हणून पात्याचा तुकडा माझ्या बाजूने गेला तरी अंगाला लागला नाही. दोष सर्वस्वी माझा होता.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र सवयीने नीट झाली. पडल्याबरोबर थ्रॉटल होल्डची कळ ओढली गेली. ही कळ म्हणजे मोटर बंद करणारी कळ, आणि ती रिमोटवर अशा जागी असावी की काठ्या न सोडता बोटाने सापडेल. पडलेल्या हेलिकॉप्टरची मोटर अडकलेल्या अवस्थेत चालू राहिली, तर स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारे सर्किट) जळतो आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीजवळ ठिणगी नको असते. हेलिकॉप्टर उचलून नेतानाही होल्ड चालूच असला पाहिजे. सुरू करताना आधी रिमोट, मग हेलिकॉप्टरची बॅटरी; बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग रिमोट. सिग्नल तुटल्यास मोटर शून्यावर येते की नाही, हे पाती काढलेली असताना रिमोट बंद करून पाहावे. माझ्या रिसीव्हरमध्ये (हेलिकॉप्टरमधल्या सिग्नल घेणाऱ्या भागात) मूळ मांडणी ‘शेवटची स्थिती कायम ठेवा’ अशी होती. म्हणजे सिग्नल गेला तरी पंखा त्याच वेगाने फिरत राहिला असता. ही तपासणी केली नसती तर मला ते कधीच कळले नसते.

बॅटऱ्यांबद्दल थोडक्यात. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८, आणि हेलिकॉप्टर उतरल्यावर स्थिर व्होल्टेज ३.७ च्या खाली जाऊ द्यायचे नाही. यासाठी रिमोटचा टाइमर मी साडेचार मिनिटांवर लावला आहे. चार्जिंग २.२ अँपिअरनेच करतो, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्स वायर जोडून, गच्चीवर, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत, आणि तिथून हलत नाही. एप्रिलमध्ये दुपारी गाडीत विसरलेली एक बॅटरी फुगली. ती पुढे वापरली नाही. पूर्ण उतरवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली.

जागेविषयी. मी साताऱ्याला राहतो आणि शहरापासून पूर्वेला कोरेगावच्या बाजूला असलेल्या एका गवताळ माळावर मालकाला विचारून उडवतो. भारतात २०२१च्या ड्रोन नियमांत रोटरक्राफ्ट, म्हणजे फिरत्या पंख्यावर उडणारे यान, हाही एक प्रकार आहे, त्यामुळे ‘हे ड्रोन नाही, हेलिकॉप्टर आहे’ ही पळवाट चालत नाही. वजनाने हे मायक्रो वर्गात येते, म्हणजे २५० ग्रॅमहून जास्त आणि २ किलोपर्यंत. या वर्गाला बिगरव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावेच लागते. वाऱ्याचा हिशेब नकाशा सांगत नाही. फेब्रुवारीपासून नऊ वाजल्यानंतर माळावर झोत सुरू होतात, म्हणून मी सकाळी सात ते साडेआठ हीच वेळ धरतो. त्या वेळी मेंढ्या घेऊन एक काका येतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, “साहेब, ह्ये फवारणीचं हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, पण मेंढ्या मात्र आवाजाने उधळतात, म्हणून कळप ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मी बॅटरी जोडतच नाही. बघायला मुले जमली, तर त्यांना माझ्या मागे, गाडीच्या आडोशाला उभे करतो. ती पुढे सरकली, की उतरवून होल्ड ओढतो. वाद घालत बसत नाही.

उडवण्याचे शिक्षण खरेदीच्या दोन महिने आधी, सिम्युलेटरवर, खऱ्या रिमोटने सुरू केले होते. त्याचा उपयोग सांगावा तितका थोडा आहे. शेपूट आपल्याकडे असताना तरंगणे चार-पाच दिवसांत जमते. नाक आपल्याकडे वळले, की डावे-उजवे आणि पुढे-मागे उलटे होते आणि हाताला शिकवलेले सगळे विरोधात जाते. सिम्युलेटरवर मी नाक समोर ठेवून ४० तास घालवले, तेव्हा कुठे मे महिन्यात मैदानावर ते धीराने करता आले. स्किडखाली आडव्या काड्या आणि टोकांना चेंडू असलेली शिकाऊ चौकट पहिले तीन महिने लावली होती. ती दिसायला बावळट आहे, पण तिने निदान सहा वेळा हेलिकॉप्टर कलंडू दिले नाही. सुरुवातीला गुडघ्याइतक्या उंचीवर राहावे असे सगळे सांगतात. मला ते पटले नाही. जमिनीलगत पंख्याचाच वारा उलटून येतो आणि हेलिकॉप्टर डुचमळते. डोळ्यांच्या पातळीच्या किंचित वर ते अधिक स्थिर राहते. मात्र तेवढ्या उंचीवर जायचे, तर अंतर पंधरा पावलांवर नेले पाहिजे.

तक्रारी दोन. शेपटी पट्ट्यावर चालते आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत त्या पट्ट्यावर स्थिर वीज साठून शेपूट मधूनच झटके देत होती. मी आधी जायरोला दोष दिला, रिसीव्हर बदलण्याच्या बेतात होतो. पट्ट्यावर सिलिकॉनचा फवारा मारला आणि बूम (शेपटीची नळी) तारेने मोटरच्या धातूच्या बैठकीशी जोडला, तेव्हा झटके थांबले. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. दुसरी तक्रार प्लॅस्टिक दातांच्या सर्व्होंची. पात्याला हाताचा साधा धक्का लागला तरी त्यांचा एखादा दात जातो आणि तो गेल्याचे लक्षात न येता उड्डाण करणे घातक आहे. स्वॅशप्लेटवरचे तिन्ही सर्व्हो मी धातूच्या दातांचे बसवून घेतले. ज्यांना आता घ्यायचे आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून तसेच घ्यावेत. किमतीतला फरक एका पडझडीत वसूल होतो.

जूनच्या मध्यापासून माळावर चिखल आहे. हेलिकॉप्टर पाती काढून कपाटावर ठेवले आहे, तिन्ही बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आहेत आणि दर पंधरवड्याला मी त्या मोजतो. परवा फेदरिंग शाफ्ट काचेवर घरंगळवून पाहिला, तेव्हा एका टोकाला केसाइतका उजेड दिसला, म्हणजे तो वाकला आहे. मेमध्ये जाणवलेल्या थरथरीचे कारण तेच असावे. नवा शाफ्ट मागवला आहे. गणपती उठल्यावर जमीन वाळेल, तेव्हा मोटरच्या दोन तारा सोडून पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासायचे आहे.