आधी अधू हात, मग चांगला

पक्षाघातानंतर बाबांसाठी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी उपचारपद्धती, लावली. मला वाटलं होतं, हा फिजिओथेरपीचाच एक प्रकार. पण थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, स्वतःच्या हाताने काय करावंसं वाटतं?" बाबा म्हणाले, "शर्ट घालायचाय."

मग तेच शिकवलं: घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. चमच्याची मूठ जाड करून दिली, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायला लावला, स्मरणशक्तीही तपासली. बोलणं अडखळतं म्हटल्यावर मात्र स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. औषधांचं विचारलं, तर "ते डॉक्टरांनाच विचारा." आपलं काम कुठे संपतं हे इतकं स्पष्ट सांगितलं, म्हणूनच माझा विश्वास बसला. रुग्णालयातून सोडताना कुणी हे सुचवलंच नव्हतं. दोन महिने वाया गेले, ती खंत आहे. काल बाबांनी सगळी बटणं स्वतः लावली.