प्लास्टिकची टाळू आणि गालाच्या हाडातले स्क्रू : नागपुरातील एका जबडा-पुनर्रचना विभागाचा अनुभव

माझ्या वडिलांच्या तोंडातली डावीकडची टाळू ॲक्रिलिकची आहे आणि तिला त्या बाजूने आधार देणारे दोन लांब स्क्रू त्यांच्या गालाच्या हाडात रोवलेले आहेत. नागपुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या मुखशल्य विभागात हे काम १४ महिन्यांत आणि ११ फेऱ्यांत पार पडले. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्या मी तेथे लेखी दिलेल्या आहेत. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूरकडच्या ज्या घरांत २०२१ पासून एखादा माणूस काळ्या बुरशीने टाळू गेल्यामुळे असाच तोंडासमोर रुमाल धरून जेवतो आहे, त्यांना तेथे जाण्यापूर्वी काय ठाऊक असावे, यासाठी हा आढावा आहे.

वडील शेतकरी आहेत. दारव्हा तालुक्यात आमचे साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. मे २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइडची इंजेक्शने लागली आणि आधीच हाताबाहेर असलेली साखर चारशेच्या वर गेली. घरी परतल्यानंतर दहाव्या दिवशी डावा गाल बधिर झाला, वरचे दात हलू लागले आणि टाळूवर काळा डाग दिसला. हा म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’ होती. ही बुरशी जमिनीत, कुजलेल्या पाल्यात, शेणखतात असतेच. शेतात राबणाऱ्या माणसाने ती जन्मभर श्वासातून घेतलेली असते आणि एरवी शरीर तिला रुजू देत नाही. साखर वाढलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली असली, की मात्र ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, वाहिनी गुठळीने बंद होते आणि रक्त न मिळालेले हाड-मांस काळे पडून मरते. मेलेल्या भागात औषध पोहोचतच नाही, त्यामुळे ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक औषध चालू असूनही तो भाग कापून काढावा लागतो. त्या जूनअखेर देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या ४० हजारांवर गेली होती. वडिलांचा डावा वरचा जबडा टाळूसकट काढला, डोळा वाचला, गालाचे हाड वाचले. या शेवटच्या गोष्टीचे मोल आम्हाला तीन वर्षांनी कळले.

टाळू नसणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. टाळू ही तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत आहे. ती गेली, की चहाचा पहिला घोट नाकातून बाहेर येतो आणि भाकरीचा बारीक कण नाकाच्या पोकळीत अडकून दोन दिवसांनी वास मारू लागतो. बोलण्याचे तर त्याहून अवघड होते. ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना मिटलेल्या ओठांमागे हवा दाबली जावी लागते आणि ती हवा भोकातून नाकात निसटली, की ‘पाणी’ हा शब्द ‘मानी’ असा ऐकू येतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना भोक बुजवणारी एक कवळी मिळाली होती. उजवीकडे उरलेल्या तीन दातांना तारेने अडकवलेली, भरीव आणि जड अशी ती कवळी जेवताना खाली येई. लग्नाच्या पंगतीला बसणे वडिलांनी सोडले, ते तिच्यामुळे.

विभागाची पहिली भेट निष्फळ गेली आणि ती चूक काही अंशी आमची होती. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी काढलेला सीटी स्कॅन घेऊन गेलो. तेथील डॉक्टरांनी तो संगणकावर उघडून लगेच सांगितले, की याचे काप जाड आहेत. जबड्याचा त्रिमितीय नमुना बनवायचा असेल, तर स्कॅनचे काप साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक लागतात. जाड कापांवरून बनवलेल्या नमुन्यात पातळ हाड दिसतच नाही आणि गोल कडा पायऱ्यांसारख्या उमटतात. फिल्म उपयोगाची नसते, सीडीतला मूळ डेटा लागतो. हे फोनवर विचारले असते तर कोणीही सांगितले असते, पण विचारायचे असते हे ठाऊक असायला हवे ना! दुसरी अट साखरेची होती. वडिलांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के होती; ती ७.२ वर येईपर्यंत त्यांनी तारीख दिली नाही. तेव्हा राग आला होता. आज मी या अडवणुकीचे गुण देईन.

तिसऱ्या फेरीत टेबलावर वडिलांचीच कवटी ठेवलेली होती. स्कॅनवरून छापलेला पांढरा, हलका, खडबडीत नमुना. वडिलांनी तो दोन्ही हातांत घेतला, डावीकडच्या रिकाम्या जागेतून बोट आरपार घातले आणि विचारले, ‘‘हे माह्यंच डोस्कं हाय काय?’’ तीन वर्षे जे त्यांनी फक्त जिभेने चाचपले होते, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हा नमुना केवळ रुग्णाला दाखवण्यासाठी नसतो. त्यावर स्क्रूची दिशा आधी ठरवतात, त्यानुसार ड्रिलला वाट दाखवणारा साचा छापतात आणि डोळ्याच्या खोबणीपासून किती अंतर राखायचे ते टेबलावरच मोजतात. एका बाजूचा जबडा गेला असेल तर उरलेल्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन गेलेल्या बाजूचा आकार काढता येतो. दोन्ही बाजू गेलेल्यांना ही सोय नसते, त्यांचा आकार अंदाजानेच बेतावा लागतो.

विभागाच्या भिंतीवर कावसजीचे प्रसिद्ध चित्र लावलेले आहे. पुण्याजवळ नव्याने नाक बसवलेल्या या बैलगाडीवानाची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली आणि युरोपातील शल्यचिकित्सकांनी ती पद्धत उचलली, हे अनेकांना माहीत असते. त्या वर्णनातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधी मेणाची पातळ पट्टी तुटक्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने कातडी आखली. कापण्यापूर्वी नमुना करावा, ही युक्ती मेणाच्या काळापासून चालत आली आहे. आज संगणक करतो ते तिचेच सूक्ष्म रूप आहे.

पर्याय समजावून सांगण्यात या विभागाला मी पैकीच्या पैकी गुण देते. पहिला पर्याय पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी बसवण्याचा होता. न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये या हाडाने खालचा जबडा घडवल्याचे प्रसिद्ध केले आणि आज खर्ऱ्यापायी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणापायी) जबडा गमावलेल्या कितीतरी रुग्णांना याच पद्धतीने नवा जबडा मिळतो. पण त्यासाठी पायाच्या रक्तवाहिन्या चांगल्या असाव्या लागतात, आणि तपासणीत वडिलांच्या वाहिन्या मधुमेहाने अरुंद झालेल्या निघाल्या. दुसरा पर्याय रुग्णाच्याच मापाची टायटॅनियमची जाळी छापून उरलेल्या हाडावर बसवण्याचा होता. म्युकरच्या रुग्णांवर भारतात याचे बरेच प्रयोग झाले आणि ते प्रसिद्धही झाले आहेत, मात्र त्यांतील रुग्णसंख्या लहान आहे आणि पाठपुरावा थोड्या वर्षांचा आहे, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. जाळीवरची त्वचा उघडी पडण्याचा धोकाही सांगितला.

तिसरा पर्याय आम्ही घेतला. स्वीडनचे ब्रानेमार्क यांना १९५२ मध्ये सशांच्या हाडांवर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला दातांचे इम्प्लांट (हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू) बसवले; तो रुग्णही जन्मतः टाळू दुभंगलेला होता. साधे इम्प्लांट सेंटिमीटरभराचे असते. जबड्याचे हाडच उरले नसेल तर तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे इम्प्लांट थेट गालाच्या हाडात रोवतात, त्याला झायगोमॅटिक इम्प्लांट म्हणतात. प्रसिद्ध अभ्यासांत ही इम्प्लांटे टिकण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के आढळते, पण ते रुग्ण मुख्यतः हाड झिजलेले असतात. जबडा कापून काढलेल्यांत अपयश जास्त येते, हेही आम्हाला आधीच सांगितले गेले. वडिलांना डावीकडे अशी दोन आणि उजवीकडे सैल झालेले दात काढून साधी दोन इम्प्लांटे बसली, त्यांवर धातूची पट्टी आली आणि तिच्यावर खटक्याने बसणारी, टाळू व दात एकत्र असलेली काढघालीची कवळी आली. भोक मांस लावून कायमचे का बुजवत नाही, असे मी विचारले होते. कवळी काढली की पोकळीत डोकावून बुरशी पुन्हा उगवली का ते पाहता येते, हे उत्तर मला पटले.

गावातल्या एकाने मोबाईलवर चेहरा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा व्हिडिओ पाहिला होता आणि तो आम्हाला ‘‘पुरा चेहराच बदलून घ्या ना’’ असे सुचवत राहिला. चेहऱ्याचे पहिले अंशतः प्रत्यारोपण फ्रान्समधील आमिएन येथे नोव्हेंबर २००५ मध्ये झाले आणि मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला चेहऱ्याच्या काही भागासोबत अख्खा डोळाही बसवला गेला. त्या डोळ्यात रक्त फिरते, दृष्टी मात्र आलेली नाही. अशा रुग्णाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. जी बुरशी दबलेल्या प्रतिकारशक्तीवरच वाढली तिच्यातून वाचलेल्या माणसाला हे सुचवणे म्हणजे त्याच दारात पुन्हा नेऊन उभे करणे आहे.

शस्त्रक्रिया चार तासांची झाली, पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो, सूज दोन आठवडे राहिली. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

या विभागाचे खरे काम पुढे, तळमजल्यावरच्या लॅबच्या खोलीत झाले. तेथील टेक्निशियन भाऊंचे नाव कोणत्याही फलकावर नाही. कवळी बसवल्यानंतरच्या सहाव्या, सातव्या, आठव्या फेरीत त्यांनी जे केले, त्यावरून मी या सेवेचे मूल्यमापन करते. ते कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी पेस्ट पातळ लावून ती तोंडात बसवत, वडिलांना गिळायला सांगत आणि काढून पाहत. जेथे पेस्ट पुसली जाऊन गुलाबी प्लास्टिक उघडे पडले असेल तेवढाच ठिपका घासत. ‘‘काकाजी, कुठं टोचते ते बोटानं दाखवा.’’ ‘‘मांगं टोचते. चावतानी नाही, गिळतानी.’’ ते एका वेळी केसभर घासत आणि पुन्हा पेस्ट लावत. एके दिवशी हे २२ वेळा झाले, मी मोजत होते. भोकात शिरणारा कवळीचा भाग त्यांनी आतून पोकळ केलेला होता, म्हणून नवी कवळी जुनीपेक्षा मोठी असूनही हलकी लागते. मग नाकपुडीखाली छोटा स्टीलचा आरसा धरून ‘पापड’, ‘पपई’, ‘बाबा’ म्हणायला लावत. आरशावर वाफ आली तर हवा अजून नाकातून निसटते आहे. नवव्या फेरीत आरसा कोरडा राहिला. त्या दिवशी बसस्थानकावर वडिलांनी उभ्याने, रुमालाशिवाय चहा प्यायला आणि कप परत देताना टपरीवाल्याला म्हणाले, ‘‘पानी दे बाप्पा, चाय गोड केली तू.’’ साखरेच्या माणसाने बिनसाखरेचा चहा मागायला हवा होता, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

आता तक्रारी. संमतिपत्र इंग्रजीत होते. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, मलाही ते दोनदा वाचावे लागले; वडिलांना त्यावर फक्त सही कोठे करायची ते दाखवले गेले. बुरशीची शस्त्रक्रिया शासकीय योजनेत झाली होती, पण इम्प्लांट आणि कवळीचा खर्च आमच्या प्रकरणात योजनेत बसला नाही. आधी सांगितलेले १ लाख ६० हजार प्रत्यक्षात १ लाख ९४ हजार झाले आणि वाढीचे कारण धातूची पट्टी दुसऱ्या लॅबमधून करून घेतली एवढेच मिळाले, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर. उच्चारांसाठी वेगळा तज्ज्ञ तेथे नाही. आरशाचे काम टेक्निशियन भाऊ आपल्या हौसेने करतात, आणि ते रजेवर असले तर कोणीच करत नाही. आमची दहावी फेरी अशीच वाया गेली. पहाटेच्या एसटीने निघून साडेअकराला पोहोचलो, तर ‘आज लॅब बंद आहे’ असा हाताने लिहिलेला कागद दारावर होता. वेचणीचे दिवस होते, मजूर लावून आलो होतो.

तरीही पाचपैकी चार. जाणाऱ्यांनी बारीक कापांच्या स्कॅनची सीडी, तीन महिन्यांच्या साखरेचा ताजा अहवाल आणि जुनी कवळी कितीही निकामी असली तरी सोबत न्यावी; आमच्या जुन्या कवळीवरूनच टाळूची उंची काढली गेली. रोज मिठाच्या पाण्याने पोकळी धुणे आणि इम्प्लांटभोवती मऊ ब्रश फिरवणे घरी कोणाला तरी पाहावेच लागते. आमच्याकडे ते आई करते. कवळीच्या खटक्यांतले नायलॉनचे तुकडे झिजतात, ते बदलावे लागतात. काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यासाठी नागपूर गाठावे लागते. महिन्यातून एकदा यवतमाळला हे करता येईल का, असा अर्ज मी विभागप्रमुखांकडे दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही, आणि डावीकडचा खटका दिवाळीपासून सैल लागतो आहे.